कोरा फर्मा

नातीला आजोबा टकळी म्हणत, कारण जागी असेपर्यंत तिचं तोंड थांबत नसे. आई गेली आणि टकळी बंद पडली. आठ महिने झाले, ‘हो’, ‘नको’, ‘जेवले’ यापुढे गाडी सरकत नव्हती. येत्या रविवारी तिचा बाप तिला दूरच्या वसतिगृहात पोचवणार होता. त्याआधी पोरीनं एकदा तरी मन मोकळं करावं, एवढीच म्हाताऱ्याची आस होती.

सोमवारी तिनं त्यांच्या मांडीवर एक पुस्तक ठेवलं.

“वाचा. मग बोलू.”

आजोबांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. छापलेले कागद दुमडून सोळा पानांचे फर्मे करायचे, ओळीनं लावायचे, शिवायचे. आत काय लिहिलंय ते कळत नसे. अक्षरं शिकले ते चौसष्टाव्या वर्षी, याच टकळीकडून. ती तेव्हा दुसरीत होती आणि पट्टी घेऊन समोर बसायची. अजूनही ते ओळीखाली बोट धरूनच वाचत.

पुस्तक पोरांसाठीचं, पण गोष्ट अंगावर येणारी. एका शहरात माणसाला दिवसाला मोजकेच शब्द बोलायची मुभा असते. गोष्ट सांगणारी मुलगी चौदा वर्षांची. तिचे शब्द सरकार कमी करत जातं, तसतशी तिची वाक्यंही आखडत जातात, मध्येच तुटतात.

“टकळे, या वाक्याला शेपूटच नाही गं. छापणारा जेवायला उठला की काय?”

“असंच आहे ते.”

“असंच कसं? आमच्या मालकानं कान उपटले असते.”

तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तेवढ्यावर म्हाताऱ्यानं दोन दिवस काढले.

शुक्रवारी दुपारी ते शेवटाला आले. ‘आईला नेलं. आता माझ्याकडे’ एवढ्यावर मजकूर थांबला होता. पुढे सोळा पानं कोरी. आजोबांनी कपाळावर हात मारला. कोरा फर्मा शिवला गेलाय! असली चूक त्यांनी शंभरदा पकडली होती. पोरीनं असलं सदोष पुस्तक घेऊन परगावी जायचं?

त्यांनी जुनी पेटी काढली. पुठ्ठा सोडवला, दोरा कापला, कोरा फर्मा अलगद काढला, बाकीचे पुन्हा शिवले, पाठीला सरस लावून वर इस्त्री ठेवली. चांगला कागद त्यांनी जन्मात फेकला नव्हता. सरस वाळेपर्यंत त्याच पानांवर ते अक्षरं गिरवत बसले.

शनिवारी पुस्तक तिच्या हातात दिलं. “बघ, आता कसं घट्ट बसलंय!”

तिनं मागचं पान उघडलं. शिवणीत बोट फिरवलं.

“कोरी पानं?”

“काढली. कुणीतरी आंधळेपणानं शिवली होती.”

“आजोबा, ती चूक नव्हती.” तिचा आवाज चिरकला. “तिचे शब्द संपले होते. ते सगळे दिवस ती गप्प होती. तेवढंच वाचायचं होतं तुम्ही. बाकीचं नसतं वाचलं तरी चाललं असतं.”

आठ महिन्यांतलं हे तिचं सर्वांत लांब बोलणं.

आजोबा खालमानेनं आत गेले आणि पानं घेऊन आले. सोळाही पानांवर वेड्यावाकड्या अक्षरात एकच शब्द होता. लेक. लेक. लेक. शाई फुटलेली, ओळी उतरत गेलेल्या. तिच्या आईबद्दल या घरात तेही एक अक्षर बोलले नव्हते.

टकळीनं पानं एकेक करून पाहिली. एकाच शब्दाला ती इतका वेळ का लावतेय, ते आजोबांना विचारवेना. मग तिनं ती जुन्या घडीवर दुमडली आणि बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवली.

“मग बोलू, म्हणाली होतीस,” आजोबा चाचरत म्हणाले.

तिनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

रविवारी जावई गाडी घेऊन आला. तिनं वाकून नमस्कार केला, “येते” म्हणाली आणि गेली. पुस्तक मेजावरच राहिलं होतं. विसरलं की ठेवलं, कोण सांगणार?

घर रिकामं झाल्यावर आजोबांनी पेटीतला कोरा कागद काढला. रंग जुळत नव्हता, जरा जास्तच पांढरा होता. त्यांनी तो दुमडला, सोळा पानं केली, पण शिवला नाही. नुसता पुस्तकाच्या शेवटी ठेवला. मग चष्मा लावून, बोट धरून ती कोरी पानंच वाचायला बसले. पहिलं पान. दुसरं.

तिसऱ्या पानावर बोट थांबलं. पुढचं पान उलटायचा धीर त्यांना झाला नाही.