टॅमसिनच्या लग्नाची बीअर

मित्रांनो, टास्मानियात स्कॉट्सडेल गावाबाहेर मर्विनची पत्र्याची शेड आहे. तिथल्या कोपऱ्यात खाली तोटी आणि वर झाकण असलेला एक पिवळट पडलेला जुना ड्रम दिसेल, तो मीच. माझ्यात बीअर आंबते. ती प्यायचं तुमचं वय नाही, पण माझी कहाणी ऐकायला काय हरकत आहे?

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मर्विनच्या लेकीने, टॅमसिनने, मला फादर्स डेला बापासाठी आणलं. सोबत सातूच्या घट्ट काळ्या पाकाचा एक डबा होता. डबा ओता, किलोभर साखर घाला, पाणी भरा, वरून यीस्टची पुडी भुरभुरा, संपलं! यात माणसाने करायचं ते काय? मर्विन दुधाचा टँकर चालवून यायचा आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच करायचा. मीही वर्षानुवर्षं तीच पातळ, आंबूस बीअर देत राहिलो.

त्याचा मेहुणा नेव्ह दोन घोट घेऊन म्हणायचा, "छान झालीय रे, मर्व्ह. पुढच्या वेळी येताना मी माझी घेऊन येतो."

मर्विन हसण्यावारी न्यायचा. मला मात्र फार लागायचं.

मग टॅमसिनचं लग्न ठरलं. ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, लग्नात तुझीच बीअर हवी. डब्यातली नाही हं, तू स्वतः केलेली."

"अगं, चारचौघांत शोभा होईल माझी! नेव्हमामा तर सालटी काढेल."

"काढू दे की. मला तुझीच हवी."

झालं, शेडचा नूरच पालटला! मर्विन मोड आणून वाळवलेले सातू भरडू लागला, ते गरम पाण्यात भिजवू लागला. कडवटपणासाठी कुंपणावरच्या हॉप्सच्या वेलाची बोंडं आली. पहिल्यांदा ती त्याने मुठीमुठीने टाकली आणि बीअर कडूजहर झाली. दुसऱ्यांदा डोंगरातली रानमिरी जास्त पडली. नेव्हच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मर्व्ह, बीअर आहे की खोकल्याचं औषध?" तो ओरडला. मग ओठ पुसत म्हणाला, "पण घातलंयस काय यात?"

इतक्या वर्षांत असं त्याने कधी विचारलं नव्हतं. मर्विनला हुरूप आला. पुढच्या खेपेला त्याने बोंडं आणि मिरी घालताना हात आखडता घेतला, थोडे सातू ओव्हनमध्ये खरपूस भाजून घातले. ती बीअर चाखून तो स्वतःशीच हसला. लग्नासाठी हीच, असं त्याने ठरवलं.

लग्नाची बीअर माझ्यात भरली आणि घात झाला. आंबताना होणारा वायू माझ्या झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीतून बुडबुडत बाहेर पडतो; ते बुडबुडेच येईनात. एक दिवस गेला, दुसरा गेला. मर्विनचा धीर सुटला. "यीस्ट मेलं," तो पुटपुटला. टेबलावर तयार पाकाचे नवे डबे आणून ठेवले होते. आजच त्यांतला पाक माझ्यात भरला तरच तो लग्नापर्यंत आंबणार होता. त्याने माझ्याखाली बादली सरकवली आणि तोटीला हात घातला.

मित्रांनो, माझ्या पोटात तर नुसता दंगा चालला होता! माझ्या झाकणाचं रबर झिजलं होतं, आणि सगळा वायू नळीत न जाता कडेने पळत होता. पण मी सांगणार कसं?

तेवढ्यात लग्नाच्या खुर्च्यांचं विचारायला टॅमसिन आली. बादली बघून तिने बापाचा हात धरला. "थांब ना, बाबा! आधी आत बघ तरी." आतलं दिसावं म्हणून तिने माझ्या पातळ प्लॅस्टिकच्या अंगावर टॉर्च धरला आणि कान लावला.

"अरे, वरपर्यंत फेस चढलाय! केवढा सूंसूं आवाज येतोय! कुठे मेलंय यीस्ट?"

मर्विनने कान लावला. मग बादली बाजूला सारत तो म्हणाला, "बाप रे, आत्ता ओतूनच देत होतो."

लग्नाच्या दिवशी पहिला ग्लास टॅमसिनच्या हातात गेला. मर्विन तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. ती म्हणाली, "जरा कडू आहे, बाबा." त्याचा चेहरा पडला. तिने ग्लास पुढे केला. "अजून ओत ना."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंचं रबर वेळेवर बदलत जा. आणि बाहेरून काही दिसत नाही म्हणून कुणाला ओतून देऊ नका. आधी जरा कान लावून बघा.