पान एकशे बारा

सातपाटीची पूर्वी नावाची मुलगी रोज संध्याकाळी अभ्यासाला बसायची आणि हे साऱ्या जगाला माहीत असायचं, कारण ती जगाला दाखवूनच बसायची. टेबलावर चार रंगांचे हायलायटर, कॉफीचा कप, समोर उघडं पुस्तक आणि स्टँडवर मोबाइल. तासाभराचं बसणं अर्ध्या मिनिटात पळवलेला तो व्हिडिओ बारा हजार लोक बघत. मांडामांडीला पाऊण तास, गाणं निवडायला तेवढाच, शिवाय कॉमेंटना उत्तरं देणं म्हणजे माणुसकी झाली. राहता राहिला अभ्यास, त्याला बिचाऱ्याला वेळच उरत नसे. उमरोळीच्या कुणा स्वातीने तर कळवलं होतं, की ताई, तुमचं बघून मी बसले आणि पास झाले. पूर्वीची स्वतःची मात्र पहिल्या वर्षाची संख्याशास्त्राची केटी, म्हणजे नापास झालेला पेपर, अजून लटकत होती. परीक्षा दहा दिवसांवर आली होती आणि या खेपेला सुटली नाही, तर बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता.

तिची आई काशीबाई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तुमची मुलगी फार अभ्यासू हो, असं गिऱ्हाइकं म्हणाली की ती फुलून जायची आणि पदरचे आणखी चार शब्द घालायची. एकदा शेजारच्या मासळीवालीच्या मोबाइलवर तिने लेकीचे अकरा व्हिडिओ एका बैठकीत बघितले. तिचा जन्म जवळा सुकवण्यात गेलेला. त्या इवल्याशा कोलंबीच्या पसाऱ्यात कुठला कोपरा सकाळपासून वरखाली केलेला नाही, हे तिला लांबूनच कळायचं. अक्षर वाचता येत नव्हतं म्हणून काय झालं.

घरी येऊन तिने हात धुतले आणि लेकीसमोर बसली.

"कप बदलतो, पेनं बदलत्यात, तुजा ड्रेस पन बदलतो. पान का नाय बदलत?"

पूर्वीने पुस्तकाकडे बघितलं. पान एकशे बारा. त्यावरची आकृती व्हिडिओत छान दिसते, हे काही आईला सांगण्यासारखं कारण नव्हतं. धडा अवघड आहे, असं ती पुटपुटली.

"अकरा दिस?" काशीबाईने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शिळी मासळी ताजी म्हनून मी कवा विकली नाय. तू मला विकाया लावलीस."

ती ओरडली असती तर पूर्वीला बरं वाटलं असतं.

कुणाला चुकून खराब मासळी गेलीच, तर दुसऱ्या दिवशी आपणहून कबूल करायचं, ही काशीबाईची रीत. तीच तिने इथेही चालवली. बाजारात एकेका गिऱ्हाइकाला थांबवून तिने सांगितलं, की पोरगी अभ्यास करत नाही, मी चुकीचं बोलले. त्यातलं एक गिऱ्हाईक नेमकं कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या मॅडम निघाल्या.

मॅडमनी त्याच दुपारी पूर्वीला गाठून सगळं सांगितलं. पूर्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचा राग आला, खूप आला. पण मॅडम म्हणाल्या, की लेकीचं कौतुक परत घेणारी आई मी पहिल्यांदाच बघितली, आता उद्यापासून रोज तीन वाजता शंका घेऊन ये. तेव्हा तो राग कुठल्या कुठे गेला आणि पूर्वीला रडूच कोसळलं. या रडण्याचा व्हिडिओ चांगला होईल, हे मनात आलंच नाही असं नाही. पण मोबाइल पिशवीतच राहिला.

पुढे परीक्षेपर्यंत बारा हजार लोकांना पूर्वी दिसली नाही. चौकश्या आल्या. आता माझ्या अभ्यासाचं कसं होणार, असं स्वातीने काकुळतीने विचारलं.

निकाल लागला. पास व्हायला चाळीस हवे होते, पूर्वीला त्रेचाळीस पडले. ती धावत किनाऱ्यावर गेली. काशीबाई उन्हात जवळा पसरत होती. ऐकून तिने पहिल्यांदा हेच विचारलं, "मोबाइलवर टाकलंस?"

"नाय. आदी तुला सांगाया आले."

काशीबाईला फार बरं वाटलं होतं आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग हात पदराला पुसत, कधी नव्हे ती परवानगी मागितल्यासारखं तिने विचारलं, "मंग उद्या बाजारात मी सांगू?"