मलकाबाई सांगणार नाहीत

१९५५ सालच्या उन्हाळ्यात इस्राएलातल्या बेर्शेबात निवडणूक लागली आणि सत्तेतल्या पक्षाच्या माणसांना एकाएकी हिंदुस्थानातून आलेल्यांचा पुळका आला. ज्यांनी वाट वाकडी करून कधी एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराचा उंबरा पाहिला नव्हता, ते आता पोरांचे गालगुच्चे घेत होते, तिखट आमटीने डोळ्यांत पाणी आलं तरी 'छान, छान' म्हणत होते, आणि गांधीजींचं नाव तर असं घेत होते की जणू ते यांचे सख्खे मामा. मलकाबाई हे सगळं खिडकीतून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांचा मुलगा एलिएझर मात्र हसत नव्हता. मुंबईच्या गोदीत तो कारकून होता, इस्त्रीचा सदरा घालून कामाला जायचा. इथे तो रस्त्याकडेला झाडं लावायला खड्डे खणत होता, तेही रोजंदारीवर. सकाळी कामवाटपाच्या खिडकीपाशी उभं राहायचं. आतला माणूस हो म्हणाला तर काम, नाही म्हणाला तर घरी. अशा माणसाला झेएव नावाच्या पक्षाच्या कार्यकर्त्याने सांगितलं की नळांच्या गोदामात कायमची जागा आहे, फक्त घरातली तिन्ही मतं पक्षाला पडली पाहिजेत. तीन म्हणजे एलिएझर, त्याची बायको डिना आणि आई. एलिएझरने तिथल्या तिथे तिघांच्याही वतीने शब्द देऊन टाकला.

"माझा पण?" मलकाबाईंनी विचारलं.

"आई, घराचं मत एकच असतं."

"मग सरकारने तीन कशाला दिली?"

याला एलिएझरकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो चिडला. नवरे आणि मुलगे बहुधा याच कारणाने चिडतात.

मलकाबाईंचा जन्म अलिबागेकडच्या एका खेड्यात, तेलाच्या घाण्यावर झाला. आपलं लग्न ठरलंय हे त्यांना हातावर मेंदी चढताना कळलं. बिऱ्हाड मुंबईला हलवायचं नवऱ्याने ठरवलं, तो गेल्यावर इस्राएलला यायचं मुलाने ठरवलं. विमानात डिनाने त्यांना पट्टा बांधून दिला आणि म्हणाली, "सासूबाई, आता उतरता येणार नाही हं." उभ्या जन्मात कुणी कधी विचारलं नाही की बाई गं, तुला काय वाटतं. आणि आता म्हातारपणी एक अख्खं सरकार विचारत होतं. सरकार वेडपट असेल, भाताऐवजी काळा पाव खायला घालत असेल, पण विचारत तरी होतं. त्याचं उत्तर दुसऱ्याने परस्पर देऊन टाकावं, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी झेएव जेवायला आला. दिवे लागले होते, शाब्बाथ, म्हणजे गाडीला हातसुद्धा न लावायचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला होता, आणि हा गडी मोटारसायकल फटफटवत दारात हजर. आपण देवबिव मानत नाही असं चारचौघांत सांगणारा माणूस, पण किद्दुशच्या, म्हणजे शाब्बाथच्या पेल्यावर म्हणायच्या, प्रार्थनेसाठी खास पक्षातर्फे वाईनची बाटली घेऊन आला होता. टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकून बसला, तो सारखा घसरून नाकावर येत होता.

मलकाबाईंच्या घरात किद्दुशला मनुकांचं शरबत असायचं. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. कोकणातल्या खेड्यात वाईन मिळत नव्हती, म्हणून आजेपणजे हेच पीत आले होते. इथे वाईन मिळत होती तरी मलकाबाईंनी शरबत सोडलं नव्हतं. त्या संध्याकाळीही पेला भरून तयार होता. एलिएझरने तो बाजूला सारला आणि पक्षाची बाटली उघडली. प्रार्थना म्हणून त्याने घोट घेतला, मग पेला डिनाकडे देत म्हणाला, "यातून जो पिईल, त्याने पक्षाला मत द्यायचा शब्द दिला असं समजायचं."

डिनाने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि घोट घेतला. मलकाबाईंनी पेला हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि बाजूला सारलेलं शरबत ओढून घेऊन प्यायल्या.

"आई, पाव्हण्यासमोर तमाशा नको."

"तमाशा मी करतंय होय? देवाच्या पेल्यात पक्ष तू घातलास. मी नाय पिणार."

झेएवला मराठी कळत नव्हती. सावता, म्हणजे आजी, काय म्हणतेय, असं त्याने हिब्रूत विचारलं.

"काही नाही," एलिएझर म्हणाला, "तिला गोड आवडतं."

मंगळवारी शाळेत मतदान झालं. फाटकात झेएव उभाच होता. त्याने मलकाबाईंच्या मुठीत पक्षाची चिठ्ठी कोंबली आणि हाताचा मुका घेतला. आत पडद्याआड एका पेटीत सगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळं अक्षर; हवी ती उचलून हातातल्या पाकिटात घालायची. मलकाबाई तिथे चांगला वेळ लावून उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी खाकरलं. खाकरू दे, त्यांनी मनात म्हटलं. हा पक्ष लबाड होता, यात शंका नव्हती. पण आधी टँकरमागे बादल्या घेऊन धावावं लागायचं आणि आता घरात नळ होता, आणि तो याच लोकांनी आणला होता. खऱ्याला खोटं कसं म्हणायचं? बाकीच्या पक्षांनी तर तेवढंही केलं नव्हतं. आणि एलिएझरच्या तळहातांवरचे फोड होतेच.

त्यांनी झेएवची चिठ्ठी चोळामोळा करून कमरेला खोचली. मग पेटीतली हुबेहूब तशीच दुसरी चिठ्ठी उचलली आणि पाकिटात घातली. दोन्हींवर अक्षर एकच होतं, पण ही त्यांनी स्वतः उचलली होती.

दोन दिवसांनी झेएव दारात आला. चेहरा उतरलेला. या मोहल्ल्यात पक्षाची मतं कमी पडली होती आणि वरून विचारणा झाली होती. त्याने एलिएझरला विचारलं, डिनाला विचारलं. दोघांनी सांगितलं, दिलं. मग तो मलकाबाईंकडे वळला.

"आई, सांग ना त्याला," एलिएझर म्हणाला.

खरं तेच सांगायचं होतं, नुसतं एक 'हो'. मुलाची जागा त्या शब्दावर अडली होती आणि शब्द मलकाबाईंच्या जिभेवर होता.

"नाय सांगणार."

"नुसतं हो म्हणायला सांग," झेएव एलिएझरला म्हणाला. "रविवारपासून गोदामाची किल्ली तुझी."

"त्याला विचार," मलकाबाई म्हणाल्या, "पडदा कुणी लावला? त्याच्याच सरकारने ना? मग आत काय झालं ते मला काय विचारतो? उघड्यावर सांगायचं होतं तर कापड कशाला फुकट घालवलं?"

एलिएझरने यातलं अर्धंच हिब्रूत सांगितलं असेल, पण झेएवला पुरेसं कळलं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

रविवारी पहाटे एलिएझर कुदळ घेऊन निघाला. मलकाबाईंनी पावात अंडं घालून पुडी हातात दिली, ती त्याने घेतली. त्याची पाठ वळेपर्यंत त्या ताठ उभ्या होत्या. मग आत येऊन रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. पण केलं ते चुकलं, असं रडतानाही त्यांच्या मनात आलं नाही. जी नोकरी आईचं तोंड उघडून आत डोकावते, ती उद्या आणखी काय काय उघडायला लावेल, कुणी सांगावं.

आठवडाभर माय-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. शुक्रवारी दुपारी मलकाबाई मनुका कुस्करत होत्या, तेव्हा एलिएझर स्वयंपाकघरात येऊन शेजारी बसला.

"आई, जागा गेली ती गेली. झेएव काही इथे नाही. मला एकट्याला सांग, तू माझ्या विरुद्ध दिलंस का गं?"

मलकाबाईंचे हात थांबले. एका शब्दाने त्या पोराच्या जिवाला थंडावा मिळाला असता. त्यांनाही मिळाला असता.

"तुला दूध दिलं," त्या म्हणाल्या, "माझे सोन्याचे डाग मोडून तुला शिकवलं, तुझ्यासाठी मुलूख सोडला. हे एवढं नाय देणार, बाबा. हे माझं हाय."

एलिएझरने फोड आलेला हात पुढे केला. "दे ते फडकं इकडे. मी गाळतो."

शरबत पातेल्यात ठिबकू लागलं. "चार वर्षांनी येतील परत ते," तो म्हणाला.

"येऊ देत की. शरबत पाजू," मलकाबाई म्हणाल्या. "शब्द द्यायचा तर दे. पण तुझ्यापुरता दे."