मंत्र्यांची कॉफी

"रक्तपेढी बंद पडणार नाही," आरोग्यमंत्री रामस्वामी विधानसभेत म्हणाले. प्रेक्षक-कक्षात बसलेली अलकनंदा पुढे सरकली.

सरकारी इस्पितळांतले कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ संपावर गेले आणि रक्तपेढ्यांनाही कुलूप लागलं तर सरकार काय करणार, असं विरोधी बाकावरच्या एका सदस्याने विचारलं होतं. प्रश्न त्याला तंत्रज्ञांच्या संघटनेनेच लिहून दिला होता. मंत्र्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"माननीय सदस्य घाबरवायला बघतात. शुक्रवारी थॅलेसीमियाची मुलं रक्त घ्यायला येतात. त्यांच्यासाठी दार उघडणारी माणसं त्या संघटनेतच आहेत. मी त्यांना ओळखतो."

सत्ताधारी बाकं वाजली. कोणीतरी तामिळमध्ये "शाब्बास" म्हणून ओरडलं. अलकनंदाच्या शेजारी बसलेला व्यंकटेश खाली बघत होता.

शुक्रवारच्या मुलांचं वाक्य याआधी एकदाच उच्चारलं गेलं होतं. सोमवारी, मंत्र्यांच्या दालनात, आणि तेही मराठीत.

त्या दिवशी तिघं भेटायला गेली होती. अध्यक्ष विजयालक्ष्मी, सचिव अलकनंदा आणि रक्तपेढीतला व्यंकटेश. मागणी एकच होती. कंत्राटी तंत्रज्ञांना ठोक पगाराऐवजी नियमित वेतनश्रेणी. कायम माणसाच्या शेजारच्याच टेबलावर, त्याच यंत्रावर, तेच नमुने तपासून निम्म्याहून कमी पगार घेणारी माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत होती. अर्थसंकल्पातल्या आरोग्यखात्याच्या मागण्यांवर मंत्री उत्तर देतील तेव्हा घोषणा झाली तर झाली. नाहीतर पुढच्या अधिवेशनापर्यंत संघटनेत कोणी उरलं नसतं. पोरं गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासायच्या नोकऱ्या शोधू लागलीच होती.

"रक्तपेढीसकट सगळं बंद करू, अय्या," विजयालक्ष्मीने ठणकावलं होतं.

तेव्हा व्यंकटेश अलकनंदाकडे जरासा झुकून म्हणाला होता, "अक्का, रक्तपेढी मी बंद करणार नाहीं. शुक्रवारचीं पोरं येताहेत."

"ठाऊक अहे. पण विजयाला अत्ता सांगू नोको."

तंजावूरच्या मराठी घरांत वाढलेल्या माणसांची ही जुनी सवय. दुकानदाराशी भाव करताना, डॉक्टरसमोर, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा, तामिळ वाक्याच्या मध्येच आवाज न बदलता मराठीत शिरायचं आणि परत बाहेर यायचं. दार बंद करायला उठावंही लागत नाही. अलकनंदा आणि व्यंकटेश चुलत भावंडं. दोघांनी हे कधी शिकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मंत्री त्या वेळी फायलींवर सह्या करत होते. त्यांनी मानही वर केली नव्हती.

विधानसभेतून बाहेर पडल्यावर, ती ज्या किल्ल्यात भरते त्याच्या फाटकापाशी पोलिसांकडून आपापले मोबाईल परत घेताना विजयालक्ष्मी म्हणाली, "शुक्रवारच्या मुलांचं कोणी ठरवलं होतं?"

अलकनंदाने व्यंकटेशकडे बघितलं.

"मला कळलं नाही तर नाही. त्यांना कसं कळलं?"

"विजया, मी सांगणारच होते..."

"कधी? निवृत्त झाल्यावर? त्या दिवशी तुम्ही दोघं माझ्या कानाशी कुजबुजत होतात. मी शेजारी बसले होते, अलकनंदा. देवळातल्या खांबासारखी." तिने फोन पर्समध्ये टाकला. "तुमच्या भाषेत काय काय ठरतं ते एकदा आम्हा तामिळ लोकांनाही कळू द्या."

ती रिक्षात बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी व्यंकटेशच्या बदलीचा आदेश आला. तंजावूरला. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून तो अर्ज करत होता, आणि दर वेळी अर्ज कुठेतरी गडप होत होता. या वेळी गडप झाला नाही. प्रयोगशाळेत कोणी त्याचं अभिनंदन केलं नाही. एकजण तर म्हणाला, "पेढे मंत्र्यांनी वाटायचे की यांनी?"

अलकनंदाने स्वतःशी पडताळा घेतला. वाक्य दोघांना माहीत होतं. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. उरला व्यंकटेश. निष्कर्ष सरळ होता, आणि सरळ आहे म्हणूनच तिला तो पटेना. कावीळ नसलेल्या रुग्णाच्या नमुन्यात बिलिरुबिन भरमसाट आलं तर ती आधी नळी तपासायची, मग यंत्र, आणि शेवटी रुग्ण. इथे तिने एकदम रुग्णावर बोट ठेवलं होतं. खोलीत तिसरे कानही होते. विजयालक्ष्मीचे. स्वीय सहायकाचे. मंत्र्यांचे.

पण बदलीचा आदेश खराच होता. जिन्यात व्यंकटेश भेटला तेव्हा ती म्हणाली, "बदली झाली म्हणे."

"झाली."

"योग्य वेळीं झाली."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली उतरला.

मागण्यांच्या चर्चेच्या आदल्या दिवशी मंत्र्यांनी तिघांना परत बोलावलं. "कॉफी घेत बोलू," असा निरोप होता. विजयालक्ष्मी मधल्या खुर्चीवर बसली. या वेळी ती दोघांच्या मध्येच बसायचं ठरवून आलेली दिसत होती.

स्टीलच्या वाटी-टंबलरमध्ये कॉफी आली. मंत्री गोड बोलत होते. समिती नेमू, अहवाल येऊ दे, वित्तखातं बघेल. अलकनंदा ऐकत होती. मग विजयालक्ष्मीच्या पाठीमागून, व्यंकटेशला सांगितल्यासारखं, ती हलक्या आवाजात म्हणाली, "उद्यां अमावास्या अहे."

मंत्र्यांनी टंबलर उचललं, एक घोट घेतला, बोलत राहिले. सहायक फाईल चाळत होता.

तिने थोडा वेळ जाऊ दिला. मंत्र्यांनी टंबलर पुन्हा उचललं. त्याच आवाजात, त्याच गतीने ती म्हणाली, "यांच्या कॉफींत माशी पडली अहे."

टंबलर ओठांपाशी थांबलं. मंत्र्यांनी ते किंचित तिरपं करून आत बघितलं.

सहायकाने पान उलटलं. विजयालक्ष्मी समितीत कोण असेल असं विचारत होती. मंत्र्यांनी टंबलर खाली ठेवलं आणि अलकनंदाकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. बुद्धिबळात प्यादं गमावलेल्या माणसाचं कुतूहल होतं.

"माशी नाही, अम्मा," ते तामिळमध्ये म्हणाले.

"कसली माशी?" विजयालक्ष्मीने विचारलं.

"तंजावूरला मेलवीदी रस्त्यावर माझ्या वडिलांचं तेलाचं दुकान होतं," मंत्री तिला म्हणाले. "गिऱ्हाइकं सगळी यांच्यातली. तेल भेसळीचं आहे असं माझ्यासमोरच मराठीत म्हणायची, आणि मला तामिळमध्ये विचारायची, तंबी, शाळेत जातोस ना?" ते हसले. "बोलता येत नाही मला. कळतं."

विजयालक्ष्मी एकदा अलकनंदाकडे, एकदा मंत्र्यांकडे बघत राहिली.

"मग आता तामिळमध्येच सांगते," अलकनंदा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "विजया, तूही ऐक, कारण तुलाही सांगितलं नव्हतं. रक्तपेढी आम्ही बंद करणार नाही. हे तुमचं बरोबर होतं, अय्या. तातडीच्या चाचण्याही चालू राहतील. पण रविवारी तुमच्या मतदारसंघात मोफत तपासणीचं शिबिर आहे. कॅमेरे येणार आहेत. तिथे रक्त काढणारी सगळी माणसं कंत्राटी आहेत. त्यांना रविवारी सुट्टी घ्यायचा हक्क आहे, आणि ती घेतली म्हणून कोणी मरत नाही."

"ही धमकी आहे?"

"नाही. तुमच्यासमोर कोणत्या भाषेत बोलायचं ते कळलं, इतकंच."

विजयालक्ष्मीच्या तोंडून हसू फुटलं. तिने ते खोकल्यात दडवलं. मंत्र्यांनी उरलेली कॉफी पिऊन टाकली.

"व्यंकटेशची बदली?" अलकनंदाने उठताना विचारलं. "ती कशी झाली?"

"अर्ज आला होता, मंजूर केला." ते फाईल ओढून घेत म्हणाले. "चांगल्या माणसाचं काम केलं तरी संशय घेतात लोक."

ते खरं बोलत होते की नाही, हे तिला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मंत्र्यांनी उत्तराच्या शेवटी, जणू आत्ताच सुचलं अशा थाटात, कंत्राटी तंत्रज्ञांना नियमित वेतनश्रेणी जाहीर केली. अंमल याच आर्थिक वर्षापासून. बाकं वाजली. विजयालक्ष्मीने अलकनंदाचं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. "अजून रागावलेय मी तुझ्यावर," ती कानात म्हणाली, "पण उद्यापासून रागावेन."

व्यंकटेश टोकाच्या खुर्चीवर होता. बाहेर आल्यावर अलकनंदा त्याच्या बरोबरीने चालू लागली. फाटकापाशी दोघं पोलिसाच्या खिडकीसमोर मोबाईलच्या रांगेत उभी राहिली.

"त्यांनीं बघितलं नसतं तर?" तो मराठीत म्हणाला. "कॉफी पिऊन टाकली असती तर, अक्का? मग कोण उरलं असतं?"

तिने उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. प्रयोग त्याच्यासाठीच केला होता, त्याला सोडवायला, असं म्हणता आलं असतं. ते अर्धंच खरं होतं आणि उरलेलं अर्धं त्याने आधीच मोजलं होतं.

"व्यंकटेशा, मजला..."

"परवाइल्लै, मॅडम," तो तामिळमध्ये म्हणाला. काही हरकत नाही. अनोळखी बाईचा धक्का लागल्यावर बसमध्ये म्हणतात तसं. "तंजावूरची गाडी संध्याकाळी आहे. सामान बांधायचंय."

पोलिसाने खिडकीतून त्याचा मोबाईल दिला. त्याने तो घेतला आणि तामिळमध्येच त्याचे आभार मानले.