वाकड्याची खाच

साहेबाच्या शब्दावर आणि कांद्याच्या भावावर माणसानं विसंबू नये, असं सावळीरामचं ठाम मत होतं. कांद्याचं शहाणपण त्याला सायखेड्याच्या घरातून मिळालं होतं, साहेबाचं त्यानं हँगरमध्ये स्वतः कमावलं होतं. नाशिकबाहेरच्या त्या छोट्या खासगी कंपनीत पंधरा-वीस आसनांची विमानं देखभालीला यायची, आणि एकतीस वर्षं सावळीराम त्यांच्या पोटात हात घालून नट-बोल्ट आवळत आला होता. निवृत्तीला सात महिने राहिले होते. हे सात महिने कुणाच्या डोळ्यावर न येता काढायचे आणि शाल-नारळ घेऊन घरी जायचं, एवढाच त्याचा बेत होता.

पण कंपनीचे मालक बदलले आणि त्यांच्यामागून हँगरच्या प्रमुख म्हणून शुभांगी मॅडम आल्या. वय फार तर तेहतीस, नाशिकच्याच, बोलायला मऊ आणि कामाला चिवट. आल्या आल्या त्यांनी हँगरच्या मधोमध एक मोठं लाल कपाट उभं केलं. त्याच्या खणांत काळा फोम होता आणि फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली होती. हत्यार उचललं की खाच रिकामी दिसायची आणि टॅबवर लाल खूण यायची. सगळी हत्यारं परत आली की हिरवी. मॅडमनी सांगितलं की आता ज्याच्या त्याच्या पेट्या घरी न्यायच्या, स्वतःचं एकही हत्यार आत आणायचं नाही.

त्याबरोबर फडकंही गेलं. हँगरची जुनी रीत अशी होती की पाळी संपताना जो तो आपल्या पेटीपुढं फडकं अंथरायचा, हत्यारं ओळीनं मांडायचा आणि ती शेजारचा मोजायचा. आपली आपण मोजायची नाहीत, कारण आपलं उणं आपल्या डोळ्याला दिसत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. कपाट स्वतःच मोजतंय म्हटल्यावर फडकं अंथरायचं कशाला, असं मॅडमना वाटलं. वाटणं चुकीचं नव्हतं, फक्त त्यांनी कुणाला विचारलं नाही.

तिसरी गोष्ट ऐकून तर चहाच्या टपरीवर दोन दिवस हशा पिकला. मॅडमनी गुलाबी कागद वाटले होते. कामात स्वतःची चूक झाली तर ती या कागदावर लिहून द्यायची. जो स्वतःहून सांगेल त्याला मेमो नाही, चौकशी नाही, शिक्षा नाही. हा माझा शब्द आहे, असंही त्या म्हणाल्या होत्या. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण, असं सावळीराम म्हणाला आणि सगळे हसले. तो स्वतः मात्र हसला नाही. त्याला झिपरू आठवला होता.

झिपरू हा त्याच्या शेजारच्या पेटीवरचा माणूस. हात इतका सुरेख की गंजलेला स्क्रूही त्याच्यापुढं मुकाट्यानं सुटायचा. बावीस वर्षांपूर्वी एकदा तो पंखाच्या आत हातातली बॅटरी विसरला. कुणाला कळलं नव्हतं. घरी जाऊन आठवलं तेव्हा रडकुंडीला येऊन त्यानं सावळीरामला विचारलं, काय करू? सावळीराम म्हणाला, सांगून टाक, खरं बोलणाऱ्याला कोण मारतंय. झिपरूनं सांगितलं. विमान थांबलं, बॅटरी निघाली, आणि झिपरूला पंधरा दिवस घरी बसवलं. नंतर त्याला सामानाच्या गोदामात टाकलं. त्यानं पुन्हा कधी विमानाला हात लावला नाही. तीन वर्षं खोकी मोजून तो कंटाळला आणि विंचूरला जाऊन द्राक्षबागांचे फवारणी पंप दुरुस्त करायला लागला.

गोदामात गेला त्या दिवशी त्यानं सावळीरामच्या हातात वाकड्या ठेवला. वाकड्या म्हणजे झिपरूनं स्वतः तापवून, वाकवून, घासून केलेला बोटभर लांबीचा पाना. वैमानिकाच्या पायाखालच्या फळीच्या आत, कप्पीच्या मागं एक नट असा बसलेला असतो की सरळ पाना तिथं फिरतच नाही. वाकड्या फिरायचा. मला आता कशाला लागतोय, एवढंच झिपरू म्हणाला होता. सावळीरामनं त्याची कधी माफी मागितली नाही. दर दिवाळीला जायचं ठरवायचा आणि दर दिवाळीला काहीतरी निघायचं. खरं म्हणजे त्याला तोंड दाखवायची लाज वाटायची.

त्यामुळं पेट्या घरी न्यायचा हुकूम निघाला त्या दिवशी सावळीरामनं पेटी मोटरसायकलला बांधून नेली आणि त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, ती पलंगाखाली सरकवून दिली, पण वाकड्या खिशातच राहिला. कपाटातले चकचकीत पाने त्या नटापुढं हात टेकायचे. मग सनी हळूच म्हणायचा, "काका, वाकड्या द्या ना." सनी त्याचा जोडीदार, सत्तावीस वर्षांचा, कामाला चोख. वाकड्या खिशातून निघायचा, काम करायचा आणि खिशात जायचा. सगळ्यांना माहीत होतं, मॅडमना नव्हतं.

गुरुवारी दोघं मिळून त्याच फळीखाली काम करत होते. कप्पी बदलली, नट आवळला, तपासनीस येऊन बॅटरीच्या उजेडात पाहून गेला. सावळीरामनं फळी बसवली, सनीनं सही केली, टॅबवर सगळं हिरवं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता विमान चाचणीला उडणार होतं. साडेतीनला पाळी सुटली. कपडे बदलताना सावळीरामनं वाकड्यासाठी खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता. दुसराही. त्यानं सनीला बाहेर गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं. सनी म्हणाला, मी तर तुमच्या बाजूलाच ठेवला होता काका, फळीच्या कडेला, तुम्ही तपासनीसाशी बोलत होता तेव्हा. सावळीराम बरं म्हणाला. सनी गेला. सावळीराम मोटरसायकलपाशी किल्ली हातात धरून उभा राहिला.

त्यानं मनातल्या मनात सगळं पुन्हा केलं. कडेला ठेवलेला पाना, तपासनीसाचा गुडघा, फळी उचलताना लागलेला धक्का. पडला असेल तर कप्पीमागं, जिथं काळ्या पान्यावर काळी सावली पडते. पडला नसेलही. कदाचित इथंच कुठं रस्त्यात घरंगळला असेल. आणि बोललो नाही तर कुणाला कळणार? जो पाना कपाटात नाही, टॅबमध्ये नाही, तो जगातच नाही. हरवला म्हणून कोण विचारणार आहे? सात महिने, आणि मग शाल-नारळ.

गुपचूप फळी उघडून बघावी, असंही मनात आलं. पण फळीला मोहर लागली होती, ती तोडली की नोंद आलीच. शिवाय कप्पीवरून जाणारी तार विमानाचं नाक वर-खाली करते. तिथं बोटभर लोखंड अडकलं तर वरच्या माणसाच्या हातातला दांडा हलायचा नाही. उद्या आठ वाजता त्यात दोन माणसं बसणार होती. आणि खाली सही सनीची होती.

त्यानं किल्ली खिशात टाकली आणि तो ऑफिसकडं वळला. झिपरूही असाच गेला असेल, आणि त्याला मीच पाठवला होता, हे त्या पन्नास पावलांत त्याला जितकं टोचलं तितकं बावीस वर्षांत टोचलं नव्हतं.

शुभांगी मॅडम बॅग आवरत होत्या. सावळीराम दारातच उभा राहिला. "मॅडम, माझा एक पाना विमानात राहिलाय, असं वाटतंय. कपाटातला नाय, माझा सोताचा. तुम्ही नाय म्हटलं होतं तरी मी खिशात ठेवायचो."

मॅडमनी आधी फोन उचलून उद्याचं उड्डाण थांबवलं. मग पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, बसा काका, कुठं आणि कसा ते सांगा. त्यानं सगळं सांगितलं. नट, सरळ पान्यांचं हात टेकणं, फडकं. सनीचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. मॅडमनी गुलाबी कागद काढला तेव्हा तो म्हणाला, मला इंग्रजी लिहिता येत नाय. मॅडम म्हणाल्या, चूक मराठीत झाली, मराठीतच लिहा. सावळीरामला क्षणभर हसू आलं, आणि त्यानं लिहायला घेतलं.

सनीला फाट्यावरून परत बोलावलं. त्यानं फळी उघडली, मॅडमनी स्वतः आरसा आणि बॅटरी आत घातली. वाकड्या कप्पीमागं पडला होता, तारेपासून दोन बोटांवर. मी ठेवला होता मॅडम, माझंही नाव लिहा, असं सनी स्वतःहूनच म्हणाला.

पुढचे चार दिवस सावळीरामनं निखाऱ्यावर काढले. शुक्रवारी सकाळी काचेच्या केबिनमध्ये मॅडम फोनवर उभ्या होत्या. वरच्या साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता: नियम मोडून हत्यार आत आणलं, उड्डाण रद्द झालं, आणि मेमो नाही म्हणजे काय? मॅडम एवढंच बोलल्या, "सर, मी शब्द दिलाय. मेमो काढायचाच असेल तर पहिला माझ्या नावाचा काढा. फडकं मी बंद केलं, त्यांना न विचारता. ते असतं तर हा पाना त्याच दुपारी मोजला गेला असता." फोन ठेवल्यावर त्यांनी आणखी एक गुलाबी कागद घेतला आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं.

सावळीरामनं ते पाहिलं. घरी गेल्यावर त्यानं लंकाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजवर साहेबानं सोताची चूक लिव्हलेली कुणी ऐकलीय का? लय धीराची बाई हाय." सावळीराम जेवला नाही, पण त्या दिवशी त्याला झोप लागली.

मंगळवारी वरून उत्तर आलं. मेमो कुणालाच नव्हता. बुधवारपासून पाळी संपताना सगळे कपाटापुढं फडकं अंथरायला लागले. हत्यारं आधी शेजारचा मोजणार आणि मगच ती खाचांत जाणार. वाकड्याला मॅडमनी तपासणीला पाठवलं. तो मापात बसला, त्याच्यावर नंबर कोरला गेला आणि लाल कपाटाच्या तिसऱ्या खणात त्याच्या आकाराची खाच कापली गेली. खाचेखाली चिठ्ठी लावायची होती. हा पाना कुणाचा, असं मॅडमनी विचारलं. सावळीराम म्हणाला, माझा नाय, आणि त्यानं नाव सांगितलं.

रविवारी तो विंचूरला गेला. झिपरूचं दुकान बाजारसमितीच्या पुढं, पत्र्याचं. केस पिकले होते, हात तसेच होते. त्यानं सावळीरामला ओळखलं, बस म्हटलं, आणि पंपाचं झाकण आवळत राहिला. सावळीरामनं मोबाइल पुढं धरला. फोटोत काळ्या फोममध्ये वाकड्या झोपला होता आणि खाली लिहिलं होतं: 'करणारा: झिपरू'.

झिपरूनं हात पुसले आणि फोन डोळ्याजवळ नेला. सावळीरामनं गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं. सगळं ऐकून झिपरूनं विचारलं, "सांगितल्यावर तुला काय केलं?"

"काय नाय."

"काहीच नाय?"

"काहीच नाय. बसायला सांगितलं, पाणी दिलं."

झिपरूनं फोन परत दिला. रस्त्यावरून कांद्याचे दोन ट्रॅक्टर गेले. सावळीराम म्हणाला, "मीच तुला सांग म्हटलं होतं झिपरू. माझ्यापायी तुझं वाटोळं झालं."

"तू बरोबरच सांगितलं होतंस," झिपरू म्हणाला. "मी उद्या बी सांगेन. पण तवा कुणी बस म्हटलं नाय, तेवढंच लागलं बघ मनाला." त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

दुकान बंद करायची वेळ झाली. झिपरूनं खुंटीवरचं फडकं काढलं, जमिनीवर अंथरलं आणि हत्यारं एकेक करून ओळीनं मांडली. सावळीराम बघतच राहिला. इतकी वर्षं हे करतोस, असं त्यानं विचारलं. झिपरू म्हणाला, रोज करतो, पण शेजारी कुणी नसतं, माझी मलाच मोजावी लागतात.

मग तो थोडा मागं सरकला आणि म्हणाला, "आज तू मोज."

सावळीराम गुडघे टेकून बसला आणि पहिल्या पान्यापासून मोजायला लागला.