गाण्यातली बाई

"अगं, तुझे ते पाहुणे येऊन गेले," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

तिनं पिशवी हातातच धरून ठेवली. "कोण पाहुणे?"

"नाव नाही बाई सांगितलं. सभ्य होता हो. पाणी प्याला, छकुलीला मांडीवर घेतलं, नि दाराच्या कडीकडे बघत बसला. जाताना म्हणतो कसा, ही काढून टाका, गाण्यात नाहीये." सासूबाई हसल्या. "वेडंच एकेक!"

तिनं वळून आधी दाराला कडी लावली.

गाणं जुनं, घराघरांत गाजलेलं. वाट बघणाऱ्या एका बाईचं. 'दाराला कडी नाही, कधीही ये.' मूळ गायिका केव्हाच गेली आणि ऑर्केस्ट्रात ते हिच्या वाट्याला आलं. गाण्याआधी निवेदक, ज्याला सगळे दादा म्हणत, लोकांना सांगायचा की ती बाई म्हणजे हीच. खरं वाटावं म्हणून तपशीलही खरेच घालायचा. पाण्याच्या टाकीमागचं घर, वरचा मजला, हिरवा पडदा. एकदा चहाला आला तेव्हा सगळं टिपून गेला होता. लोक हळहळायचे. हिनं मान खाली घालून लाजायचं. नवरा मागे ड्रमवर असायचा, पण स्टेजवर त्यानं बायकोकडे बघायचं नाही, हाही दादाचाच नियम.

आणि दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत तो. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात. कधी टाळी नाही, नुसते ओठ हलायचे.

दुपारच्या कार्यक्रमाआधी तिनं दादाला विंगेत गाठलं.

"दादा, आज ते पुराण लावायचं नाही."

"का गं? त्याच्यावरच तर हॉल भरतो."

"तो घरी आला होता. पोरीला मांडीवर घेतलं त्यानं."

दादाचा कंगवा केसांतच थांबला. मग पुन्हा चालू झाला. "चाहता असेल. मला तर कुणी कुत्रं विचारत नाही."

"कडी काढा म्हणाला घरी!"

"बरं बाई, पडदा निळा करतो. झालं?"

नवरा ड्रम आवळत होता. तो हसला नाही. "दादा, थट्टा नको. ती घाबरलीय."

"नाही बोलत रे. शपथ."

पण माईक हातात आला की दादाची जीभ रुळावरूनच धावायची. "मंडळी, पाण्याच्या टाकीमागं, वरच्या मजल्यावर..."

पहिल्या रांगेत ओठ हलू लागले.

तिनं दादाच्या हातून माईक घेतला.

"हे खोटं आहे. गाणं कुणीतरी खोलीत बसून लिहिलंय, मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही. मी कुणाची वाट बघत नाही. माझ्या दाराला कडी आहे. आणि माझा नवरा हा इथं ड्रमवर बसलाय."

कुणीतरी खोकलं. दादा कसनुसा हसला.

मग एकच टाळी वाजू लागली. सावकाश, एकसारखी. तो वाजवत होता, पहिल्यांदाच. चेहऱ्यावर राग नव्हता. बऱ्याच दिवसांचं कोडं सुटावं तसा तो निवांत दिसत होता. त्याची नजर तिच्यावरून सरकली, तिच्या खांद्यापलीकडे ड्रमकडे गेली आणि घरी कडीवर खिळली होती तशी तिथंच थांबली.

मागे नवऱ्यानं काठ्या उचलल्या होत्या. नियम मोडून तो तिच्याकडे बघत होता, आणि चल, सुरू कर, म्हणून मानेनं खुणावत होता.