दोन तारे, एक इच्छा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पोथी वाचायला घेतात तसलं दांड्याचं नव्हे हं. मी उपड्या वाटीसारखा फोटोवरच बसतो. वरून डोळा लावला, की नखाएवढ्या फोटोतली शर्टाची बटणंसुद्धा मोजून घ्या.

माझी उमेदीची वर्षं पुण्यात गेली, एका दैनिकाच्या फोटो विभागात. माझे मालक शशिधर तिथले प्रमुख. माणूस मनाने भला, पण तोंडाने फटकळ. कुणी फोटो आणला की माझ्यातून बघायचे आणि चारचौघांत विचारायचे, हा सत्कार आहे की पंचनामा? पोरं पाठीमागे त्यांच्या नावाने बोटं मोडायची, पण चूक संध्याकाळच्या आत सुधारून आणायची. तेव्हा माझा केवढा दरारा होता म्हणून सांगू!

निवृत्तीनंतर ते लंडनला आले, स्टॅनमोरमध्ये लेकीकडे. मीही आलो, कोटाच्या खिशातून. त्यांची नात ईशिता तिथल्या शाळेत शिकायची आणि मुलांनीच काढलेल्या शाळेच्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढायची. सन दोन हजार तीनची गोष्ट. शाळेत अजून फिल्मचे कॅमेरे होते, डार्करूम होती. वर्तमानपत्र बघणाऱ्या मिसने विचारलं, आजोबा दर बुधवारी येऊन मुलांना दोन गोष्टी सांगतील का? आजोबा एका पायावर तयार.

पण त्यांची लेक चैत्राली घाबरली. ती म्हणाली, "बाबा, इथे मुलांना तोडून बोलायचं नाही हं. पुण्यातलं पुण्यात."

मिसनेही शाळेची रीत समजावली. आधी दोन तारे द्यायचे, म्हणजे जमलेल्या दोन गोष्टी सांगायच्या. मग एक इच्छा, तिथल्या भाषेत विश, म्हणजे पुढच्या वेळी काय केलं तर बरं होईल ते. आजोबांनी ती रीत मनापासून उचलली. शाळेच्या जेवणातल्या चिप्सवरच्या बातमीला त्यांनी भाषेचा एक आणि मथळ्याचा एक तारा दिला, आणि म्हणाले, चिप्स खाणारं एखादं माणूस भेटलं असतं तर मजा आली असती. पुढच्या अंकात खरंच चार माणसं भेटली. मुलं खुलली. मलाही वाटलं, अरे, गोड बोलूनही काम होतं की.

आणि मग तो फोटो आला.

त्या हिवाळ्यात शाळेचं हीटिंग बंद पडलं होतं. ईशिताने त्याची बातमी केली आणि सोबत शाळेच्या इमारतीची देखभाल करणारे केअरटेकर मिस्टर पार्किन यांचा फोटो. खुर्चीत मागे रेललेले, मान वर, तोंड उघडं. खाली तिने लिहिलं होतं, आम्ही कुडकुडतोय, आणि हे?

आजोबांनी मला त्या फोटोवर ठेवलं. माणूस झोपला नव्हता हो! त्याच्या मुठीत डोळ्यांत घालायच्या थेंबांची इवलीशी बाटली होती. मला ती दिसली, आजोबांनाही दिसली. मला धरलेला त्यांचा हात थांबला. पुण्यात असते तर म्हणाले असते, त्या माणसाला विचारल्याशिवाय हा छापायचा नाही. पण समोर नात होती, आणि मिस ऐकत होती. त्यांनी उजेडाला एक तारा दिला, चेहऱ्याला दुसरा, आणि हळूच म्हणाले, मुठीत काहीतरी आहे, छापण्याआधी त्यांना विचारलंस तर किती छान होईल.

ईशिताचा चेहरा फुलला. "थँक यू आजोबा! विश नेक्स्ट टाइम नक्की," म्हणाली आणि पळालीसुद्धा. आजोबांनी मला पुसून खिशात ठेवलं.

अंक छापून घरोघरी गेला. कामाच्या वेळी झोपतो म्हणून पालकांनी मिस्टर पार्किनची तक्रार केली. आजोबा मला आणि नखाएवढ्या फोटोंचा कागद घेऊन धावत शाळेच्या ऑफिसात गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला साक्षीदार केलं होतं. मुख्याध्यापक साहेबांनी डोळा लावला, बाटली पाहिली आणि विचारलं, औषध कसलं? मिस्टर पार्किनना सांगावं लागलं. काचबिंदू. नोकरी जाईल म्हणून त्यांनी लपवलं होतं. आता शिडीवर चढायचं काम त्यांना कोण देणार? ते झोपले नव्हते हे मी सिद्ध केलं, आणि त्याच दमात त्यांची भाकरीही काढून घेतली. इस्टरच्या आधी त्यांनी किल्ल्या परत दिल्या.

त्या दिवशी ईशिता आजोबांच्या खोलीत आली. कॅमेरा तिने शाळेत परत केला होता. "आजोबा, तुम्हाला बाटली दिसली होती ना?"

"सांगितलं होतं गं तुला."

"नाही. तुम्ही मला विश सांगितली. स्टॉप नाही सांगितला."

आजोबा पुन्हा त्या शाळेत गेले नाहीत. ईशिताने पुन्हा फोटो काढला नाही, वाढदिवसाचासुद्धा नाही.

वर्षाभराने बसस्टॉपवर मिस्टर पार्किन दिसले, वेळापत्रकाला नाक लावून उभे. आजोबांनी खिशातून मला काढून त्यांच्या हातात दिलं, ठेवा म्हणाले. त्यांनी मला चाचपलं, डोळ्याला लावलं आणि परत दिलं. म्हणाले, "चांगलं आहे हो. पण आता मला याचा उपयोग नाही." रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

आता डार्करूमची अडगळीची खोली झाली आहे, मुलं डिजिटल कॅमेरे वापरतात, आणि मी स्टॅनमोरच्या एका ड्रॉवरमध्ये संपलेल्या बॅटऱ्यांशेजारी पडून आहे. घरातल्या सगळ्यात धाकट्या आरवने मध्यंतरी माझ्यातून ऊन पाडून कागद जाळायचा खटाटोप केला. इथल्या उन्हात तेही धड होत नाही.

मित्रांनो, कुणाचं काम बघायला बसाल तेव्हा तारे खुशाल द्या, ओंजळभर द्या. पण थांब म्हणायचं असेल तर आधी थांब म्हणा, आणि समोरच्याने ऐकलं का ते बघा. मी बारीक गोष्ट मोठी करून दाखवू शकतो. बोलायचं तुम्हालाच असतं.